बायपासनंतर घरच्यांसोबत बाहेर चालायला सुरुवात - नाशिककरांनो, तुमचं कसं जमलं?

कृष्णकमळ:

नमस्कार. मी ५७ वर्षांची, राहायला इंदिरानगरला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझी बायपास झाली, तीन ग्राफ्ट म्हणजे शिरेचे तीन जोड, शीर डाव्या पायातून काढली. ऑपरेशनच्या आधी दोन महिने माझा जबडा दुखायचा आणि जिना चढला की पाठीत भरून यायचं, छातीत काहीच नाही, म्हणून मी ओवा-जिरं चावत ॲसिडिटीच समजत राहिले. इथल्या बायकांनो, असं काही होत असेल तर आधी ईसीजी काढा, बाकी सगळं नंतर. पण धागा त्यासाठी नाही.

आता सात आठवडे झालेत. जखम भरलीय. घरात हॉल ते किचन ते बाल्कनी फेऱ्या मारते, पहिल्यांदा पाच मिनिटं होती, मग रोज एक-दोन मिनिटं वाढवत वीसवर आले. डिस्चार्जच्या कागदावर 'रोज चालणे' एवढे दोनच शब्द. किती, कुठे, चढ चालेल का, थंडीत जायचं का, काही नाही. फॉलोअपला विचारायला जावं तर तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो.

मला बाहेर चालायचंय. आणि घरच्यांबरोबरच चालायचंय, कारण एकटीला सोडायला कोणी तयार नाही आणि खोटं कशाला बोलू, एकटीला मलाही भीती वाटते. पण मागच्या रविवारी जे झालं त्याने सगळंच अडलंय.

आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीवर गेलो होतो, गोदा पार्कला. हे नेहमीसारखे दहा पावलं पुढे, लग्नाला ३३ वर्षं झाली तेव्हापासून असेच चालतात. मुलगा पुण्याहून आलेला, त्याने माझ्या काखेत हात घालून धरलेलं, जरा खड्डा आला की तो हात वर खेचायचा आणि छातीच्या हाडात कळ जायची, पण पोरगा इतक्या काळजीने धरतोय म्हटल्यावर मी बोलले नाही. सूनबाई मागे, खांद्याला पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पिशवी, दर दोन मिनिटांनी 'आई, दम लागला का?' आणि नातू चार वर्षांचा. त्याला दोन महिने सगळ्यांनी सांगितलंय आजीला हात लावायचा नाही, आजीला बाऊ झालाय. तर तो माझ्यापासून चार हात लांब चालत होता. मी थांबले की तो पण थांबायचा, खांबाला धरून बघत राहायचा. आधी हाच पोरगा मी ऑफिसमधून आले की दारातच अंगावर उडी मारायचा.

जाताना खूप बरं वाटलं. नदीवरचं वारं, पाण्यावर पाणवेलींचा हिरवा थर, त्यात एक बगळा. मुलाने घेतलेलं घड्याळ मनगटावर होतं, त्यात ठोके ७८ च्या वर जातच नव्हते, म्हणून तो म्हणाला आई एकदम ओके आहेस, चल पुढे. अठरा मिनिटं सरळ चालत गेलो. वळलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी आता अठरा मिनिटं मागे आहे. परतीच्या निम्म्या वाटेवर डोळ्यापुढे अंधारी आली, घाम फुटला, कठड्यावर बसले. मुलगा पांढराफटक पडला. हे पुढून धावत परत आले, आणि ह्यांना धावताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

पाणी प्यायले, पंधरा मिनिटांनी उठले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, बीपी थोडं कमी सापडलं, ईसीजी ठीक, गोळीचा डोस जरा बदलून दिला. पण घरात आता ठरलंय की मार्चपर्यंत आईने पार्किंगच्या बाहेर जायचं नाही. कोणी रागावून बोललेलं नाही, सगळे घाबरलेत, म्हणून वाद तरी कसा घालू.

तुम्ही कसं केलंत? कुठे चाललात, किती, आणि घरच्यांची भीती कशी कमी केलीत? लांबलं, माफ करा.

सातपूरकर:

ताई, माझी बायपास होऊन चार वर्षं झाली, कंपनीत होतो, आता रिटायर. तुमचं अठरा मिनिटांचं वाचून अंगावर काटा आला कारण मी डिट्टो हेच केलं होतं सोमेश्वरला, मंदिरापासून धबधब्याकडे निघालो आणि परत चढून यायचा जोर नाही राहिला. जाताना कधीच कळत नाही हो, पाय चालत राहतात. म्हणून पहिले तीन महिने सरळ रस्त्याने जायचंच नाही. गोल ट्रॅक धरा. गोल्फ क्लब म्हणजे आपलं अनंत कान्हेरे मैदान, किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, तुमच्या इंदिरानगरला पण ट्रॅक आहेच की. फेरी मारली की परत जिथे चप्पल-पिशवी ठेवलीय तिथेच येतो माणूस. वाटलं तर अजून एक, नाही तर घरी.

आणि सकाळी पाचला उठून जाणाऱ्यांच्या नादाला लागू नका. थंडीत उन्हं अंगावर आल्यावरच. माझे डॉक्टर म्हणायचे गार हवेत शिरा आकसतात, हृदयाला जोर जास्त लावावा लागतो. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की मी कानटोपी, मफलर, आणि साडेआठच्या आधी दाराबाहेर नाही.

अंबडकर_सून:

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या सासूबाईंची बायपास दोन वर्षांपूर्वी झाली आणि ती गोळ्यांची पिशवी घेऊन मागे चालणारी मी होते. तुमच्या सूनबाई दर दोन मिनिटांनी का विचारतात ते मला माहितीय. आयसीयूच्या काचेतून त्यांनी तुम्हाला नळ्या लावलेलं बघितलंय, तुम्ही ते बघितलेलं नाही. ते चित्र डोळ्यासमोरून हलत नाही. रात्री मी उठून सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी उभी राहायचे, पांघरूण वरखाली होतंय का बघायला.

आमच्याकडे कशाने फरक पडला सांगते. घाबरून नुसतं बघत बसण्याऐवजी मला करायला काहीतरी मिळालं. म्हणजे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट कुठल्या कप्प्यात आहे, द्यायची तर आधी खाली बसवून द्यायची कारण त्याने बीपी पडतं, किती वेळात बरं नाही वाटलं तर सरळ १०८ ला फोन, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद पिशवीत ठेवला. मग मी दम लागला का विचारायचं बंद केलं. सूनबाईंना फॉलोअपला स्वतः बरोबर आत घेऊन जा ताई, बाहेर बाकड्यावर बसवू नका. त्यांना विचारू द्या काय विचारायचं ते.

फिजिओ_पंचवटी:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच पेशंट बघते. तुम्हाला न तपासता तुमच्याबद्दल काही सांगणार नाही, तुमचे सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट सांगतील तेच शेवटचं. पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागू आहेत त्या लिहिते.

आधी तो काखेतला हात. बायपासला छातीचं मधलं हाड उभं कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते नीट सांधायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, शुगर असेल तर अजून वेळ. तोवर काखेत हात घालून कोणी उठवायचं नाही, हाताला धरून ओढायचं नाही. तुमची कळ म्हणजे तेच. मुलाने बाजूने चालायचं आणि आपला हात कोपरात वाकवून पुढे धरायचा, त्यावर तुम्ही तुमचा तळवा नुसता ठेवायचा. धरणाऱ्या तुम्ही, तो नाही. बसताना-उठताना त्याने पाठीला नको, कमरेला आधार द्यायचा. खुर्चीतून उठताना हात रेटायचे नाहीत, पुढे सरकून दोन्ही हात छातीशी घेऊन, पुढे झुकून पायांच्या जोरावर उठायचं. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट. रिक्षात पण उशी न्या, आपले स्पीडब्रेकर माहितीयत. दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे भरलेली बादली नाही, दळणाचा डबा नाही आणि नातू तर नाहीच.

दुसरं ते घड्याळ. तुम्हाला बहुतेक मेटोप्रोलॉल किंवा तसली गोळी असणार. त्या गोळीचं कामच ठोके वाढू न देणं, त्यामुळे दमलात तरी घड्याळ ७८ दाखवत राहील. त्यावर विसंबू नका. आम्ही पेशंटला सांगतो की बोलून बघा. चालता चालता सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर अजून थोडा वेग चालेल, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. पण ह्याला बरोबर बोलणारं माणूस लागतं. काका दहा पावलं पुढे असतील तर बोलणार कोणाशी? त्यांना शेजारी आणा. 'दम लागला का' ह्या प्रश्नाला पेशंट हमखास 'नाही' म्हणतात, त्यापेक्षा 'कालच्या आमटीत काय घातलं होतं' विचारलेलं बरं, उत्तर कसं येतंय त्यावरून कळतं.

एकदम सुरू आणि एकदम बंद नको. पहिली पाच मिनिटं रमतगमत, शेवटची पाच पण. झटकन थांबलं की रक्त पायात साठून चक्कर येते. जेवणानंतर तास-दीड तास तरी जाऊ द्या. शीर काढलेला पाय संध्याकाळी सुजतो, तो उशीवर वर घेऊन पडा, स्टॉकिंग दिलं असेल तर घाला. आणि छातीत दुखणं, धाप, धडधड, हाडात कटकट आवाज किंवा काहीतरी सरकल्यासारखं वाटणं, जखमेतून पाणी, ताप, एका रात्रीत किलो-दीड किलो वजन वाढणं, ह्यातलं काहीही झालं तर इथे लिहायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

नाशिकरोडकर:

मला वेगळं वाटतं. घरच्यांचं काय चुकलं? बाहेर कुत्री, खड्डे, उलट्या बाजूने येणाऱ्या गाड्या. माझ्या वडिलांना आम्ही तीन महिने गच्चीवरच चालवलं, काही त्रास नाही झाला. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतात, पडलं तर केवढ्याला पडेल.

सातपूरकर:

@नाशिकरोडकर दादा, तुमचं बरोबर आहे गच्ची सेफ आहे. मग तीन महिन्यांनी वडील रस्त्यावर चालायला लागले का?

नाशिकरोडकर:

खरं सांगायचं तर नाही. म्हणजे सुरुवात केली पण फुटपाथवर दुसऱ्याच दिवशी ठेच लागून पडले, सपाट फरशीची सवय झालेली. मनगट मोडलं. त्यानंतर ते बाहेर पडलेच नाहीत, आता टीव्हीसमोर असतात दिवसभर. तुमचा प्रश्न वाचून मी आता तेच आठवत बसलोय. मला वाटायचं आम्ही काळजी घेतली.

फिजिओ_पंचवटी:

@नाशिकरोडकर काळजीच घेतलीत तुम्ही. वेळ गेलेली नाही. त्यांना एकदा डॉक्टरांकडे दाखवून आणा, मग गेटपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. काठी घेऊन चालेल, लाज वाटत असेल तर तुम्ही पण एक घ्या.

निफाडवाली:

मी गुडघ्यावाली, दोन्ही बदललेत, त्यामुळे हृदयाचं काही सांगू शकत नाही पण जागेचं सांगते. गोदा पार्क पावसाळ्यानंतर लगेच नको, पुराचा गाळ येतो आणि फरश्या हलतात. गंगाघाटावर बुधवारी अजिबात नको, बाजार असतो, धक्का लागतोच. इंदिरानगरच्या ट्रॅकवर संध्याकाळी पोरं पळतात. सकाळीच बरं. बसायला जागा आहे का आणि टॉयलेट कुठे आहे ते आधी घरच्यांनी बघून यायचं, पाण्याच्या गोळ्या (ज्याने लघवी जास्त होते) चालू असल्या की ते फार महत्त्वाचं असतं आणि बायका हे कोणाला बोलत नाहीत.

कृष्णकमळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, तुमची पोस्ट मी घरी सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवली. काखेतल्या हाताचं वाचलं तेव्हा मुलाचा व्हिडिओ कॉल चालू होता, तो गप्प झाला, मग म्हणाला आई तू तेव्हाच का नाही बोललीस. त्याला काय सांगणार. पण बोलायला पाहिजे होतं, हे माझं चुकलं.

डॉक्टरांकडे सूनबाईंना आत घेऊन गेले. तिने वहीत सतरा प्रश्न लिहून आणले होते. डॉक्टरांनी खरंच वेळ दिला, म्हणजे विचारणारं माणूस असलं की सांगतात. गोल ट्रॅक, सपाट, दोघं शेजारी, वीस मिनिटं, एवढी परवानगी मिळालीय. सोमवारपासून गोल्फ क्लब. कळवते.

कृष्णकमळ (सात आठवड्यांनी):

कळवते म्हटलं होतं, उशीर झाला.

गोल्फ क्लबला आम्ही रोज सकाळी साडेआठला जातो, हे आणि मी. पहिले चार दिवस बोलायला काही सुचेना. ३३ वर्षं संसार केला पण शेजारी शेजारी चालत वीस मिनिटं बोलायची वेळच नव्हती आली कधी, ह्यांना वेग कमी करायचा म्हणजे सारखं पायाकडे बघावं लागायचं. मी आमटीबद्दल बोलायचे, हे हं म्हणायचे. मग एक दिवस ह्यांनी पाटीवरचं नाव वाचून अनंत कान्हेऱ्यांचं सांगायला सुरुवात केली, १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या ते सगळं, मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होता फक्त. बोलता बोलता दोन फेऱ्या कधी झाल्या कळलं नाही. आणि पाचव्या का सहाव्या दिवशी, मी काही न विचारता, म्हणाले की तुला आत नेलं तेव्हा मी वर वेटिंगमध्ये नव्हतो. खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलो होतो, साडेपाच तास. पोरांसमोर बसवेना. मला वाटत होतं हे वर सगळ्यांबरोबर होते. मी काही बोलले नाही, म्हणजे बोलता आलं नाही, तर हे लगेच थांबले आणि म्हणाले दम लागला का, बोलत का नाहीस. म्हटलं दम नाही लागला, चला.

आता पस्तीस मिनिटं होतात. मधे एकदा पाय जास्त सुजला म्हणून दोन दिवस सुट्टी घेतली, एकदा सर्दीमुळे. संक्रांतीच्या आधीचे चार-पाच दिवस संध्याकाळी बाहेर पडलेच नाही, नायलॉन मांजाची भीती, बंदी असली तरी पोरं आणतातच, गळ्याला कापल्याच्या बातम्या येतात.

नातवाचं सांगायचं राहिलं. त्याला उचलता येत नव्हतं तर मी ट्रॅकजवळच्या बाकावर बसायचे आणि त्याला म्हणायचे बाजूने ये. पहिल्यांदा तो बाकाच्या टोकाला बसला. मग रोज वीतभर सरकत सरकत जवळ. आठवड्याने डोकं माझ्या दंडाला टेकवलं आणि विचारलं, आजी आत तारा आहेत ना, करंट लागतो का? म्हटलं नाही लागत, हात लाव. त्याने स्वेटरवरून एक बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. त्या दिवसापासून माझं बोट धरून चालतो.

गेल्या रविवारी, म्हणजे ऑपरेशनला पंधरा आठवडे होताना, डॉक्टरांना विचारून सगळे पांडवलेण्याला गेलो. वर जायचं नाही, नुसतं पायथ्याशी, फाळके स्मारकात आणि नेहरू वनोद्यानात फिरायचं असं ठरलेलं. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा त्या दोनेकशे पायऱ्या मी एका दमात चढायचे, लेण्यांमध्ये जाऊन गार दगडाला पाठ टेकवून बसायचो आम्ही. ह्या वेळी खालूनच बघत होते. मुलगा नातवाला घेऊन वर जायला निघाला तर नातू म्हणाला आजी पण. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टर दोन मजल्यांचा जिना चालेल म्हणाले होते, तेवढं धरून मी चाळीस पायऱ्या मोजून चढले. दहा पायऱ्या झाल्या की थांबायचं. मुलाने कोपर पुढे धरलेलं, मी त्यावर नुसता तळवा. हे ह्या वेळी एक पायरी मागे होते. आणि नातू दर थांब्याला म्हणत होता, आजी गोष्ट सांग, म्हणजे कळेल.

चाळिसाव्या पायरीवर बसले, सूनबाईंनी पिशवीतून तिळाची वडी काढली. तिथून हायवेवरच्या गाड्या आणि सगळं नाशिक दिसत होतं, जरा धुक्यात. मग उतरले. उतरताना मांड्या थरथरल्या, ते सांगून ठेवते, उतरणं सोपं समजू नका.

अंबडकर_सून:

ताई मी ऑफिसमध्ये वाचतेय आणि डोळे पुसतेय. सूनबाईंना माझा नमस्कार सांगा.

नाशिकरोडकर:

वडिलांना गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे नेलं. सध्या गेटपर्यंत. दोघांच्या हातात काठ्या आहेत, फिजिओताईंनी सांगितलं तसं. एकदा गोल्फ क्लबला आणावं म्हणतोय पण नाशिकरोडहून लांब पडतं आणि गाडीत बसून ते आधीच दमतात.

कृष्णकमळ:

@नाशिकरोडकर आणाच. दमले तर त्या दिवशी नुसतं बाकावर बसवा, उन्हात. आम्ही रविवारी नऊपर्यंत असतो. मी तपकिरी शाल, हे निळी कानटोपी, आणि एक छोटा मुलगा मोठमोठ्याने गोष्ट सांगत चाललेला दिसेल. काकांना सांगा त्याच्या शेजारी बसा, तो सरकून जागा देतो.